दिसणे आणि वेगळे दिसणे

आषाढात भाताची लावणी सुरू झाली की रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड या जिल्ह्यांतल्या आरोग्य केंद्रांना एका तापाची धास्ती लागते. लोक त्याला थोडक्यात ‘लेप्टो’ म्हणतात. उंदरांच्या आणि गुराढोरांच्या मूत्रातून खाचरातल्या पाण्यात उतरलेला लेप्टोस्पायरा हा जिवाणू चिखलात दिवसभर राबणाऱ्या माणसाच्या पायावरच्या ओरखड्यातून, भेगेतून शरीरात शिरतो. वेळीच उपचार झाले नाहीत तर यकृत, मूत्रपिंडे आणि फुप्फुसे यांवर तो घाला घालू शकतो. हा जिवाणू अंगाने पिळदार असतो. त्याची लांबी ६ ते २० मायक्रॉन असली तरी जाडी जेमतेम ०.१ मायक्रॉन भरते. दुसरीकडे, उत्तमातल्या उत्तम प्रकाश सूक्ष्मदर्शकालाही सुमारे ०.२ मायक्रॉनपेक्षा बारीक काही उलगडता येत नाही, असे भौतिकशास्त्र सांगते. म्हणजे हा जिवाणू प्रकाशाच्या मर्यादेच्या निम्म्याने बारीक आहे. तरीही या रोगासाठी प्रमाण मानली जाणारी चाचणी प्रकाश सूक्ष्मदर्शकाखालीच वाचतात. रुग्णाच्या रक्तद्रवात जिवंत लेप्टोस्पायरा मिसळायचे आणि त्यांचे पुंजके होतात का ते काळ्या पार्श्वभूमीवर पाहायचे, अशी ती चाचणी आहे. हा विरोधाभास वाटतो, पण तो खरा नाही. प्रकाशाची मर्यादा ‘दिसण्या’वर नसून ‘वेगळे दिसण्या’वर आहे, आणि ती मर्यादा काही ठरावीक अटींच्या आधाराने उभी आहे. गेल्या काही दशकांत शास्त्रज्ञ या मर्यादेपलीकडे गेले. अधिक चांगली काच घडवून हे साधले नाही. त्या अटी एकेक करून ओळखल्या, सोडवल्या आणि प्रत्येकीची किंमत मोजली, म्हणून ते साधले. हा विषय समजून घ्यायचा असेल तर मर्यादा, अट आणि किंमत या तीन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

आधी मर्यादा. प्रकाश ही लहर आहे, त्यामुळे एखाद्या बारीक रचनेवर पडला की तो सरळ न जाता फाकतो. यालाच विवर्तन म्हणतात. रचना जितकी बारीक, तितका प्रकाश अधिक मोठ्या कोनात फाकतो. सूक्ष्मदर्शकाचे वस्तुभिंग मात्र ठरावीक कोनातलाच प्रकाश गोळा करू शकते. त्या कोनाबाहेर गेलेल्या प्रकाशाबरोबर रचनेचा बारकावाही निघून जातो आणि मग पुढची भिंगे कितीही निर्दोष असली तरी तो परत येत नाही. जर्मनीतल्या येना गावी कार्ल झाइस यांच्या कारखान्यासाठी काम करणाऱ्या एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये हे नेमके मांडले. प्रकाशाच्या तरंगलांबीला भिंगाच्या प्रकाश गोळा करण्याच्या क्षमतेच्या दुपटीने भागले की उलगडू शकणारे किमान अंतर मिळते. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ५५० नॅनोमीटर आणि तेलात बुडवून वापरायच्या उत्तम भिंगाची क्षमता १.४ धरली तर उत्तर येते सुमारे १९६ नॅनोमीटर, म्हणजेच ०.२ मायक्रॉन. त्यापुढे प्रतिमा हजारपट, दहा हजारपट मोठी केली तरी बारकावे वाढत नाहीत, फक्त धूसरपणा मोठा होतो.

त्या काळी सूक्ष्मदर्शकाची परीक्षा घेण्यासाठी डायाटम वापरत. डायाटम म्हणजे सिलिकाच्या कवचात राहणारी एकपेशीय शैवले. कोकणच्या खाड्यांतही ती विपुल आहेत आणि मासळीच्या अन्नसाखळीचा पायाच त्यांच्यावर उभा आहे. त्यांतल्या प्लुरोसिग्मा या प्रजातीच्या एका जातीच्या कवचावर अंदाजे अर्ध्या मायक्रॉनच्या अंतराने नक्षी असते. कमी क्षमतेच्या भिंगातून हे कवच गुळगुळीत दिसते, तर अधिक क्षमतेच्या भिंगातून त्यावर रेषा उमटतात. एकोणिसाव्या शतकात या नक्षीत रेषा आहेत की ठिपके, यावर निरीक्षकांमध्ये वाद होत. या डायाटमांनी एक महत्त्वाची गोष्ट शिकवली. कवचावर प्रकाश सरळ खालून न टाकता तिरपा टाकला की त्याच भिंगातून आधी न दिसलेली नक्षी दिसू लागते. भिंग तेच, डायाटम तोच, फक्त प्रकाश टाकण्याची तऱ्हा बदलली. म्हणजे उलगडण्याची क्षमता एकट्या भिंगात नसते. वस्तू, तिच्यावर पडणारा प्रकाश आणि तो गोळा करणारे भिंग, या तिघांचा तो व्यवहार आहे. पुढच्या शतकात जे घडले त्याचे बीज इथेच होते.

मर्यादा नेमकी कशावर आहे, हे समजण्यासाठी रत्नागिरीच्या रत्नदुर्ग किल्ल्यावर रात्री उभे राहून मिरकरवाडा बंदराच्या होड्यांकडे पाहण्याची कल्पना करू. निरोगी डोळ्याला साधारण एक मिनिट कोनाच्या अंतरावरचे दोन ठिपके वेगळे कळतात. या हिशेबाने एखाद्या होडीवर दोन मीटर अंतराने लावलेले दोन दिवे सुमारे सात किलोमीटरपलीकडे गेले की एकच दिवा भासतो. पण तो दिसत नाही असे कुणी म्हणणार नाही. समुद्र काळोखा असेल तर तो कितीतरी दूरवरून दिसेल. प्रकाश पुरेसा आणि मागचा पडदा काळा असेल तर वस्तू किती लहान आहे याने फरक पडत नाही. लेप्टोस्पायराची चाचणी याच न्यायाने चालते. काळ्या पार्श्वभूमीच्या सूक्ष्मदर्शकात मुख्य प्रकाश भिंगात शिरूच देत नाहीत. जिवाणूच्या अंगावरून विखुरलेला प्रकाश तेवढा आत येतो आणि काळोखात चमकता, वळवळता धागा दिसतो. हीच युक्ती टोकाला नेऊन हेन्री झीडेनटॉप्फ आणि रिखार्ड झिग्मोंडी यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी काचेत विखुरलेले सोन्याचे नॅनोमीटर आकाराचे कण मोजता येतील असा अतिसूक्ष्मदर्शक बनवला. झिग्मोंडी यांना १९२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यामागे कलिल द्रावणांवरचे हेच काम होते. मात्र या दिसण्यात एक उणीव आहे. कण आहे हे कळते, त्याचा आकार कळत नाही. लेप्टोस्पायराचा धागा त्याच्या खऱ्या जाडीच्या दुप्पट किंवा अधिक जाड भासतो आणि रक्तातले फायब्रिनचे तंतूही तसेच चमकतात. म्हणून रुग्णाचे रक्त थेट काळ्या पार्श्वभूमीखाली पाहून निदान करण्यावर विसंबू नये, असे तज्ज्ञ सांगतात. प्रमाण चाचणी यातून सुटते, कारण तिला आकार हवाच नसतो. ओळख पटलेले जिवाणू आपणच मिसळलेले असतात, त्यांचा पुंजका झाला की नाही एवढेच पाहायचे असते. प्रश्न बदलला की मर्यादा आडवी येत नाही.

आता अटी. आबे यांचा नियम पाच गोष्टी गृहीत धरतो: वस्तू भिंगापासून तरंगलांबीच्या मानाने खूप दूर आहे, तिच्यावर सर्वत्र सारखा प्रकाश पडतो आहे, प्रकाश जितका वाढवावा तितकीच तिची चमक वाढते, तिचे सगळे ठिपके एकाच वेळी प्रकाशतात, आणि तिच्याबद्दल आपल्याला आधी काहीही माहीत नाही. यांतली एक जरी अट मोडली तरी नियमाचा निष्कर्ष आपल्याला लागू राहत नाही. पहिली अट मोडण्याची कल्पना एडवर्ड सिंज यांनी १९२८ मध्येच मांडली होती. तरंगलांबीपेक्षा लहान छिद्र वस्तूला जवळजवळ चिकटवून फिरवले तर प्रकाश फाकण्याआधीच टिपता येईल, असा त्यांचा विचार होता. दृश्य प्रकाशात हे प्रत्यक्षात यायला १९८० चे दशक उजाडले. यात टोक वस्तूपासून काही दशक नॅनोमीटरवर ठेवावे लागते, त्यामुळे फक्त पृष्ठभाग पाहता येतो आणि पेशीच्या आतले काही हाती लागत नाही. दुसरी अट मॅट्स गुस्टाफसन यांनी २००० मध्ये सोडवली. सारखा प्रकाश टाकण्याऐवजी त्यांनी पट्ट्यापट्ट्यांचा प्रकाश टाकला. दोन बारीक नक्षी एकमेकींवर पडल्या की तिसरी रुंद नक्षी उमटते, आणि ती भिंगाला टिपता येते. प्रकाशाची नक्षी आपल्याला ठाऊक असते, म्हणून रुंद नक्षीवरून वस्तूची बारीक नक्षी गणिताने काढता येते. यातून विभेदन, म्हणजे बारकावे उलगडण्याची क्षमता, सुमारे दुप्पट झाले आणि प्रकाशाची ०.२ मायक्रॉनची मर्यादा ०.१ पर्यंत आली. तिरप्या प्रकाशातल्या डायाटमांचाच हा प्रगत अवतार म्हणता येईल.

तिसरी अट श्टेफान हेल यांनी मोडली. फिनलंडमधल्या तुर्कू इथे काम करत असताना १९९४ मध्ये त्यांनी यान विखमान यांच्यासह एक उपाय कागदावर मांडला. चमकणाऱ्या रंगद्रव्याला एका किरणाने चेतवायचे आणि लगेच मध्ये भोक असलेल्या, कड्याच्या आकाराच्या दुसऱ्या किरणाने कडेची चमक विझवून टाकायची. मग उरते ती फक्त मधल्या बारीक भागाची चमक. विझवणाऱ्या किरणाची तीव्रता जितकी वाढवावी तितका हा भाग आक्रसत जातो, आणि तत्त्वतः त्याला खालची मर्यादा नाही. २००० मध्ये प्रयोगाने हे सिद्ध झाले. चौथी अट सर्वांत मोठ्या युक्तीने सुटली. होडीवरचे दोन दिवे सात किलोमीटरपलीकडून एक भासतात, पण ते आळीपाळीने लुकलुकले तर? प्रत्येक वेळी एकच दिवा लागलेला असेल आणि एकट्या दिव्याची जागा नीट पाहून कितीतरी अचूक सांगता येईल. एकटा ठिपका प्रतिमेत पसरट दिसतो खरा, पण त्या पसरट डागाचा मध्य डागाच्या रुंदीपेक्षा पुष्कळ सूक्ष्मतेने ठरवता येतो. जितके प्रकाशकण जास्त गोळा होतील, तितकी चूक त्यांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. शंभर नॅनोमीटरची अनिश्चितता दहा हजार प्रकाशकणांनी एक नॅनोमीटरवर येते. दीपगृहांची ओळखही काळाच्याच आधाराने पटते: प्रत्येकाच्या झोताची लय निराळी ठेवलेली असते. जे कोनाने वेगळे करता येत नाही ते काळाने वेगळे करावे, असा हा विचार आहे.

यासाठी एकेकटा रेणू दिसायला हवा होता. विल्यम मोर्नर यांनी १९८९ मध्ये अतिशीत तापमानाला एका रेणूची प्रकाशशोषणाची खूण टिपली आणि १९९७ मध्ये हिरव्या चमकदार प्रथिनाचे एकेक रेणू लुकलुकतात, त्यांना प्रकाशाने पुन्हा जागे करता येते, असे दाखवले. एरिक बेट्झिग यांनी ठिपके वेगवेगळे करून त्यांच्या जागा जोडण्याची कल्पना १९९५ मध्ये मांडली होती. नंतर ते प्रयोगशाळा सोडून वडिलांच्या यंत्रांच्या कारखान्यात रुजू झाले. हव्या त्या वेळी चेतवता येणारी प्रथिने तयार झाल्याचे कळताच त्यांनी मित्र हॅराल्ड हेस यांच्यासह हेस यांच्या घरच्या दिवाणखान्यातच सूक्ष्मदर्शक जुळवला आणि २००६ मध्ये पहिल्या प्रतिमा प्रसिद्ध केल्या. त्याच वर्षी हार्वर्डच्या श्याओवेई झुआंग यांच्यासह आणखी दोन गट याच तत्त्वापर्यंत पोहोचले. पेशीतले हजारो रेणू एकदम न चेतवता थोडे थोडे चेतवायचे, प्रत्येकाचा मध्य ठरवायचा आणि हजारो चौकटींतून पूर्ण चित्र रचायचे, ही पद्धत आज वीस-तीस नॅनोमीटरचे बारकावे देते. बेट्झिग, हेल आणि मोर्नर यांना २०१४ चे नोबेल मिळाले. भौतिकशास्त्राच्या एका जुन्या मर्यादेशी झुंज देणाऱ्या या कामाला पारितोषिक मिळाले ते रसायनशास्त्राचे, आणि ते योग्यच होते, कारण मर्यादा ओलांडणारी गुरुकिल्ली भिंगात नव्हती, रेणूंच्या स्वभावात होती. २०१७ मध्ये हेल यांच्या गटाने कड्याच्या किरणाचा मधला काळोख वापरून एकेका रेणूची जागा काही नॅनोमीटरपर्यंत, म्हणजे रेणूच्याच आकाराच्या पातळीवर ठरवून दाखवली.

या सगळ्यातून केवळ सुंदर चित्रे मिळाली की नवे ज्ञानही मिळाले? याचे उत्तर चेतापेशीत आहे. २०१३ मध्ये झुआंग यांच्या गटाने चेतापेशीच्या लांब शाखेत, अक्षतंतूत, ॲक्टिन या प्रथिनाची कडी सुमारे १९० नॅनोमीटरच्या नेमक्या अंतराने लावलेली असल्याचे दाखवले. चेतापेशींचा अभ्यास शंभरहून अधिक वर्षे चालू होता, पण ही रचना तोवर कुणाला आढळली नव्हती. १९० हा आकडा पाहिला की कारण लगेच लक्षात येते. ती नेमकी आबे यांच्या मर्यादेच्या किंचित खाली लपलेली होती. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे विभेदन त्याहून कितीतरी सूक्ष्म असूनही त्यातून ती उघड झाली नव्हती, कारण त्यासाठी नमुना तयार करताना ॲक्टिनसारख्या नाजूक रचना टिकवणे आणि गर्दीतून ओळखणे अवघड असते. एका शोधाने मर्यादेचे महत्त्व आणि तिच्यापलीकडे जाण्याचे मोल ही दोन्ही एकदम दिसून आली.

मात्र प्रत्येक पद्धत आपापली किंमत वसूल करते. लुकलुकणाऱ्या रेणूंची पद्धत वेळ मागते. सुरुवातीच्या प्रयोगांत एका चित्राला तास लागत, आणि तेवढ्यात पेशी हलली तर चित्र खोटे ठरते. विझवणाऱ्या किरणाची पद्धत इतका तीव्र प्रकाश मागते की रंगद्रव्य जळून जाते आणि जिवंत पेशीलाही त्याचा त्रास होतो. पट्टेदार प्रकाशाची पद्धत वेगवान आणि सौम्य आहे, पण तिचा फायदा मुख्यतः दुपटीपुरताच आहे. शिवाय या साऱ्या पद्धतींत ज्याला रंगद्रव्याची खूण लावली तेच दिसते, बाकी सारे अंधारात राहते. खूण लावणारी प्रतिपिंडे स्वतःच दहा-पंधरा नॅनोमीटर लांब असतात, त्यामुळे विभेदन पाच नॅनोमीटर असल्याचा दावा केला तरी आपण रेणूची जागा पाहतो आहोत की खुणेची, हा प्रश्न उरतोच. जागेचा बारकावा हवा असेल तर त्याच्या बदल्यात वेळ, प्रकाश किंवा आधीची माहिती यांपैकी काहीतरी द्यावे लागते. निसर्गाच्या हिशेबात यातून सूट नाही.

म्हणूनच एक आक्षेप घेतला जातो की, मग मर्यादा खरेच ओलांडली का? सूक्ष्मदर्शकात पडणारा प्रत्येक डाग आजही आबे यांच्या नियमाएवढाच पसरट असतो. हा आक्षेप बरोबर आहे आणि तो मान्य करण्यात काही गमावत नाही. आबे यांचे गणित १८७३ मध्ये होते तितकेच आजही खरे आहे. चूक झाली ती नियमाचा अर्थ लावताना. ‘या अटींत यापेक्षा बारीक उलगडत नाही’ हे विधान हळूहळू ‘प्रकाशाने यापेक्षा बारीक उलगडतच नाही’ असे बनले आणि पिढ्यान्‌पिढ्या पाठ केले गेले. अटी गळून गेल्या की सापेक्ष विधान निरपेक्ष वाटू लागते. १९९० च्या दशकापर्यंत दूरच्या भिंगाने ही मर्यादा ओलांडता येईल असे म्हणणाऱ्यांकडे अनेक जाणकार साशंकतेने पाहत, त्यामागे हेच कारण होते.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. इलेक्ट्रॉनांची तरंगलांबी प्रकाशाच्या हजारो पट लहान, त्यामुळे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकापुढे ही मर्यादा येतच नाही, मग प्रकाशाशी एवढी झटापट कशाला? पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने २०२० मध्ये भारतातल्या पहिल्या कोविड रुग्णाच्या नमुन्यातून ७५ नॅनोमीटर आकाराच्या विषाणूकणाची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातली प्रतिमा प्रसिद्ध केली, तेव्हा या साधनाचे सामर्थ्य सर्वांनी पाहिले. परंतु इलेक्ट्रॉन निर्वात पोकळीत चालतात. नमुना वाळवावा, गोठवावा किंवा कापावा लागतो आणि चित्रात जे दिसते ते थांबलेले असते. पेशीत शिरलेला विषाणू कोणत्या प्रथिनाशी जोडला जातो, तो पुढच्या मिनिटाला कुठे सरकतो, हे पाहायचे तर जिवंत पेशी आणि रंगांची निवड हवी, आणि ते प्रकाशालाच जमते. लेप्टोस्पायराची दोन टोकांच्या आतून निघणारी कशाभिका आवरणाखाली कशी बसते हे इलेक्ट्रॉनांनी दाखवले, पण तिच्या जोरावर तो पाण्यात कसा पोहतो हे पाहायला काळ्या पार्श्वभूमीचा प्रकाश सूक्ष्मदर्शकच लागतो. दोन्ही साधनांची कामे वेगळी आहेत, एकाने दुसऱ्याची गरज संपत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. पाचवी अट मोडून, म्हणजे आधीची माहिती वापरून, बारकावे मिळवायचे म्हटले तर आपण जे घातले तेच परत पाहतो, असे होणार नाही का? मोबाइलचा कॅमेरा आज धूसर चेहरा ‘स्पष्ट’ करून देतो, तेव्हा पुष्कळदा तो बारकावा त्या चेहऱ्यावरून आलेला नसतो. संगणकाला शिकवलेल्या लाखो इतर चेहऱ्यांवरून तो भरलेला असतो. अशा चित्राला विभेदन म्हणता येणार नाही. असे चित्र आणि सूक्ष्मदर्शकाचे खरे विभेदन यांतला फरक पडताळणीत आहे. पट्टेदार प्रकाशाची नक्षी आपणच आखलेली असते, रेणू एकावेळी एकच पेटतो हे स्वतंत्र प्रयोगाने तपासलेले असते, आणि मिळालेली नोंद दोन भागांत विभागून दोन्हींतून तेच बारकावे निघतात का, हे पाहता येते. जे बारकावे दोन्हीकडे सापडत नाहीत ते टाकून द्यावे लागतात. माहिती वापरणे हा दोष नाही, तपासता न येणारी माहिती वापरणे हा दोष आहे.

याचे एक उत्तम उदाहरण आकाशात आहे आणि त्याचा एक धागा महाराष्ट्राशी जोडलेला आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाड इथे जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी यांनी १९९५ मध्ये पालोमार वेधशाळेतून ग्लीझे २२९ बी या पिंडाचा शोध जाहीर केला. तारा म्हणावा इतका मोठा नाही आणि ग्रह म्हणावा इतका लहान नाही, अशा तपकिरी बटूचे ते पहिले निःसंशय उदाहरण ठरले. सुमारे १९ प्रकाशवर्षे दूर असलेला हा पिंड जवळपास तीस वर्षे एकच ठिपका होता. पुढे त्याच्या गतीवरून त्याचे वस्तुमान गुरूच्या सुमारे ७१ पट निघाले, आणि इथे घोळ झाला. एवढ्या वजनाचा पिंड दिसतो त्याहून अधिक तेजस्वी असायला हवा होता. म्हणजे ठिपका एकच असला तरी पिंड दोन असावेत, अशी शंका आली. ही शंका कोणत्याही प्रतिमेतून आलेली नव्हती, वजन आणि तेज यांचा ताळा न जुळल्यामुळे ती आली. २०२४ मध्ये चिलीतल्या चार मोठ्या दुर्बिणींचा प्रकाश एकत्र जोडून पाहिल्यावर तिथे खरोखरच दोन पिंड सापडले. ते गुरूच्या ३८ आणि ३४ पट वस्तुमानाचे असून बारा दिवसांत एकमेकांभोवती फिरतात आणि त्यांच्यातले अंतर पृथ्वी-चंद्र अंतराच्या सोळापट आहे. त्याच सुमारास दुसऱ्या एका गटानेही वर्णपटावरून असाच निष्कर्ष काढला. दुर्बिणी जोडून त्यांच्यातले अंतर एका मोठ्या आरशासारखे वापरणे म्हणजे विवर्तनाची मर्यादा मोडणे नव्हे. ती पुढे सरकवणे म्हणता येईल. पण कामाची रीत तीच आहे: आधीच्या माहितीने प्रश्न नेमका करायचा आणि उत्तर स्वतंत्र मापनाने तपासायचे. वजनाचा हिशेब पाहून कुणी नुसतेच दोन ठिपके चित्रात रंगवले असते तर ते विज्ञान ठरले नसते.

शेवटचा आक्षेप जवळचा आहे. कोट्यवधी रुपयांचे हे सूक्ष्मदर्शक रत्नागिरीसारख्या जिल्ह्याच्या काय उपयोगाचे? ही यंत्रे प्रत्येक जिल्हा रुग्णालयात हवीत असे कुणी म्हणणार नाही. पण त्यांच्यामागचा विचार महाग नाही. २०१३ मध्ये कॅलटेकच्या ग्वोआन झेंग, रोर्क हॉर्स्टमेयर आणि चांगह्वे यांग यांनी साध्या सूक्ष्मदर्शकाचा दिवा काढून त्या जागी एलईडी दिव्यांची जाळी बसवली. एकेक दिवा वेगवेगळ्या कोनातून लावून अनेक चित्रे घेतली आणि ती संगणकाने जोडली. त्यामुळे अवघ्या दोनपट विवर्धनाच्या भिंगाने त्याच्या स्वतःच्या क्षमतेच्या सुमारे सहापट बारीक, म्हणजे ०.७८ मायक्रॉनचे बारकावे दाखवले, आणि तेही सुमारे १२० चौरस मिलिमीटरच्या विस्तृत क्षेत्रावर एकदम. ही पद्धत प्रकाशाची अंतिम मर्यादा ओलांडत नाही, तिने लेप्टोस्पायराची जाडीही उलगडणार नाही. पण मोठ्या काचपट्टीवर विरळ विखुरलेले परोपजीवी शोधण्याचे किंवा खाडीच्या पाण्यातले डायाटम मोजण्याचे काम, जे आज थकलेल्या डोळ्यांनी भाग सरकवत सरकवत करावे लागते, त्याला ती उपयोगी पडू शकते. यातला खर्च काचेकडून दिव्यांकडे आणि गणिताकडे सरकतो, आणि दिवे व गणित दोन्ही कोणत्याही महाविद्यालयाला परवडणारे आहेत. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात डायाटम रोजच्या अभ्यासाचे आहेत, रत्नागिरीच्या महाविद्यालयांत भौतिकशास्त्र आणि संगणकशास्त्र शिकवले जाते. हे विषय एका टेबलाशी बसले तर अशी जाळी विद्यार्थ्यांच्या हातून उभी राहणे अशक्य नाही.

त्यासाठी सुरुवात शिकवण्यात व्हायला हवी. बारावीच्या भौतिकशास्त्रात रॅलेचा निकष आणि विभेदनक्षमता येते, सूत्र येते, आकडे घालून उत्तरही येते. त्या सूत्राशेजारी त्याच्या पाच अटीही लिहिल्या आणि प्रत्येक अट कुणी, कशी, कोणत्या किमतीला सोडवली हे सांगितले, तर विद्यार्थ्याला ते सूत्र भिंतीसारखे न वाटता प्रश्नांची यादी वाटेल. विज्ञानात कोणत्याही मर्यादेबद्दल विचारण्याचा पहिला प्रश्न ‘ही ओलांडता येईल का’ हा नसतो, ‘ही कोणत्या अटींवर उभी आहे’ हा असतो. तो विचारला गेला म्हणून आबे यांच्या नियमाला धक्का न लावता १९० नॅनोमीटरवरची कडी दिसली आणि तीस वर्षे एक असलेला ठिपका दोन झाला. लेप्टोच्या चाचणीनेही हाच प्रश्न विचारला होता, फक्त उत्तर सोपे निवडले: आकार उलगडायचा नसेल तर उलगडण्याची मर्यादा आड येत नाही. आपल्याला नेमके काय पाहायचे आहे हे जो ठरवतो, त्यालाच कोणती अट सोडायची आणि कोणती किंमत मोजायची हेही ठरवता येते. आपल्या प्रयोगशाळांना आणि वर्गांना आधी हाच निर्णय घ्यायला शिकवले पाहिजे.